तडकलेली काच आणि दुरुस्तीचा हुन्नर

फोनची काच फुटली की माणूस प्रथम हळहळतो, मग दुकानोदुकानी दर विचारीत हिंडतो, आणि मधल्या वेळात जे अगत्याने करावयास हवे तेच बहुधा राहून जाते. म्हणून वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या, परंतु आता घरोघर उद्भवणाऱ्या या प्रसंगाचा, त्यातील पदार्थविज्ञानापासून ग्राहकाच्या हक्कापर्यंत, जरा विस्ताराने विचार करणे मला आवश्यक वाटते. ज्या वस्तूतून बँकेचे व्यवहार होतात, गॅसच्या टाकीची नोंदणी होते, मुलांच्या शाळेच्या सूचना येतात, सरकारी अर्जासाठी लागणारा ओटीपी येतो आणि मंडईत मेथीच्या जुडीचे पैसेही चुकते होतात, तिचे तोंडच बंद झाले म्हणजे कुटुंबाचे सारे दप्तर कुलूपबंद होते. सधन माणसाला ही केवळ गैरसोय असते. परंतु कोथरूडच्या चार घरी स्वयंपाकाची कामे धरणाऱ्या बाईला, किंवा पाठीवर पेटी बांधून हिंजवडीपासून हडपसरपर्यंत पार्सले पोचविणाऱ्या तरुणाला, तिचा अर्थ त्या दिवसाची मजुरी बुडणे असा होतो. अशा वेळी नवा फोन हप्त्यावर घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. माझे म्हणणे असे की काच फुटणे आणि फोन निकामी होणे या दोन सर्वस्वी भिन्न घटना आहेत, त्यांतील भेद जाणणारे कारागीर पुण्यात आहेत, आणि त्यांच्या हुन्नराला जाणत्या ग्राहकाचे व कायद्याचे पाठबळ मिळणे ही आज खरी निकड आहे.

फोन पडतो कोठे, हे पाहू लागले तर पुष्कळ उलगडा होतो. जुन्या वाड्याच्या ओसरीवरील शहाबादी फरशी, नव्या सदनिकेतील गुळगुळीत टाइल आणि इमारतीखालच्या वाहनतळातील खडबडीत काँक्रीट यांवर एकाच उंचीवरून पडलेल्या एकाच जातीच्या फोनांची गत सारखी होत नाही. टाइलवर सपाट आपटलेला फोन पुष्कळदा सहीसलामत हाती येतो. उलट खडीची टोके वर आलेल्या डांबरी रस्त्यावर तो कमरेच्या उंचीवरून पडला तरी पुरते, कारण काचेला जी गोष्ट मोडते ती निव्वळ उंची नसून अणकुचीदार स्पर्शाने एका सूक्ष्म बिंदूवर एकवटलेला दाब ही असते. आपले शहर दुचाकींचे, आणि आपल्या रस्त्यांची खडी दख्खनच्या काळ्या कातळाची. हेल्मेट व कान यांच्यामध्ये फोन खुपसून सिंहगड रस्त्याने बोलत जाणारे, जर्किनच्या उथळ खिशात तो ठेवून स्वारगेटच्या चौकात गाडीला गचका देणारे लोक रोज दिसतात, आणि त्यांचा फोन निसटला तर तो नेमका या खडीवर पडतो. किल्ल्यांमुळे काचेवर ओरखडे पडतात असा सार्वत्रिक समज आहे, परंतु किल्लीचे पितळ काचेहून मऊ असते. खरा वैरी वाळूचा कण. काठिण्याच्या मोह्‌ज श्रेणीत वाळूतील क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे, तर काचेचा साधारणतः ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान येतो. बांधकामांनी गजबजलेल्या शहरात तो कण आपल्या खिशात आणि पिशवीत सदैव असतो, आणि डोळ्यांना न दिसणारे चरे काचेवर दिवसेंदिवस उमटवीत राहतो. महिनोन्‌महिने अनेक आघात सोसलेला फोन एके दिवशी अगदी किरकोळ पडण्याने फुटतो तो बहुतेक वेळा या आधीच्या चऱ्यांमुळे.

या चऱ्यांना एवढे महत्त्व का, याचा शास्त्रशुद्ध उलगडा १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ॲलन अरनॉल्ड ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने केला. विमानविद्येच्या संशोधनासाठी फार्नबरो येथे असलेल्या सरकारी संस्थेत काम करीत असता त्याच्या ध्यानी आले की, अणूंना परस्परांशी जखडणाऱ्या बंधांच्या बळावरून काचेची जी ताकद निघावयास हवी तिच्या मानाने प्रत्यक्ष मोजलेली ताकद अतिशय अल्प भरते. मात्र नुकत्याच ओढलेल्या अत्यंत बारीक काचतंतूंत ही तफावत पुष्कळ कमी होते. त्यावरून त्याने अनुमान काढले की काचेच्या अंगी मुळातच सूक्ष्म चिरा असतात, तिच्यावर पडलेला ताण त्या चिरांच्या टोकांशी एकवटतो, आणि एका मर्यादेनंतर चीर लांबविण्यास लागणारी ऊर्जा काचेत साठलेल्या ताणातूनच आपोआप मिळत गेल्याने ती थांबत नाही. धातू अशा वेळी किंचित वाकतो आणि चिरेचे टोक बोथट होते. काचेच्या स्वभावात ते वाकणे नाही. पुढील संशोधनाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली आहे, ती पुणेकरांनी पावसाळ्यात विशेष ध्यानात ठेवावी: हवेतील पाण्याची वाफ चिरेच्या टोकाशी पोचून तेथील सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध सैल करते, त्यामुळे ताणाखाली असलेली चीर दमट हवेत हळूहळू पुढे सरकू शकते. जूनमध्ये कोपऱ्यात नखाएवढा असलेला तडा गणपतीपर्यंत मधोमध आलेला दिसतो, त्यात या वाफेचाही हात असतो.

या जन्मजात दौर्बल्यावर रसायनशास्त्राने शोधलेला उपाय अत्यंत सुंदर आहे. फोनची काच ही खिडकीच्या तावदानाची वा बाटलीची काच नव्हे. ती ॲल्युमिनोसिलिकेट जातीची असते, आणि तिचा पातळ तक्ता सुमारे ४०० अंश सेल्सिअस तपमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षाराच्या कुंडात कित्येक तास बुडवून ठेवला जातो. त्या अवधीत काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे, म्हणजे आकाराने सुमारे एकतृतीयांशाने मोठे असलेले आयन शिरतात. पीएमपीच्या भरल्या बसमध्ये बाकावरून एक किडकिडीत विद्यार्थी उठावा आणि त्याच जागेत एखाद्या धिप्पाड गृहस्थाने स्वतःला बसवून घ्यावे, म्हणजे साऱ्या बाकावर जी दाटी होते, तशी दाटी काचेच्या दोन्ही पृष्ठभागांत कायमची राहते. चीर वाढावयाची तर तिच्या दोन्ही कडा परस्परांपासून ओढल्या जाव्या लागतात. येथे तर त्या एकमेकींवर दाबल्या गेलेल्या असतात, म्हणून आघाताला प्रथम या दाबावर मात करावी लागते. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने अशी रासायनिक रीतीने कणखर केलेली काच १९६० च्या दशकातच तयार केली होती, पण तिला मोठे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे २००७ साली आलेल्या आयफोनसाठी ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी कॉर्निंगचे प्रमुख वेंडेल वीक्स यांच्याकडे अशा काचेची मागणी केली, केंटकी प्रांतातील हॅरड्सबर्गच्या कारखान्यात तिचे उत्पादन घाईने सुरू झाले, आणि गोरिला ग्लास हे नाव जगभर पसरले. परंतु या कवचाची खोली मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. वाळूचा चरा अथवा खडीचे टोक त्यापलीकडे पोचले की आतील थर मात्र ताणलेला असल्यामुळे तडा फाटे फोडीत धावतो, आणि क्षणार्धात साऱ्या तावदानावर जाळे पसरते.

काचेशी पुणे जिल्ह्याचे नाते फोनच्या कितीतरी आधीचे आहे, आणि ते या विषयाला अगदी लागून आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक देशबांधवाकडून वर्षाकाठी निदान एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला आपले बळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील भट्टीची धुरा सांभाळली. माल काढण्याबरोबर कारागीर घडविणे हाही त्या कारखान्याचा हेतू होता, आणि तेथे तयार झालेली माणसे पुढे देशातील इतर काच कारखान्यांत गेली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्याचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. कंदिलाची तापलेली काच पावसाचा थेंब उडाला तरी तडकत असे, पण म्हणून कोणी कंदील उकिरड्यावर टाकीत नसे. बाजारातून नवी काच आणावी, तारेचा पिंजरा उचलावा, काच बसवावी, वात पुसून घ्यावी, आणि दिवेलागणीला कंदील पुन्हा खुंटीवर असावा, हा घरोघरचा शिरस्ता होता. काच ही फुटणारच, हे तो कंदील बनविणाऱ्याने गृहीत धरलेले होते, आणि ती बदलण्याची सोय त्याने रचनेतच करून ठेवली होती. आजच्या फोनच्या रचनाकारांनी ही सोय काढून घेतली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

काढून घेतली ती कशी, हे समजण्यासाठी फोनच्या दर्शनी भागाचे थर ठाऊक हवेत. सर्वांत वर जी आपण पुसतो ती काच. तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारी, विद्युतवाहक असूनही पारदर्शक अशी अतिसूक्ष्म जाळी. आणि तिच्याखाली प्रत्यक्ष चित्र उमटविणारा पडदा, जो स्वस्त फोनांत एलसीडीचा आणि महागांत बहुधा ओएलईडीचा असतो. बोटाने पडद्यावरील विद्युतभारात होणाऱ्या बदलावरून स्पर्श ओळखण्याची ही युक्ती ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन यांनी विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठी १९६५ सालीच मांडली होती. पूर्वीच्या फोनांत हे थर सुटे असत. आता ते ओसीए नावाच्या काचेसारख्या स्वच्छ डिंकाच्या पापुद्र्याने एकजीव केलेले असतात, आणि त्या सबंध जोडाला आपल्या बाजारात कोणी फोल्डर म्हणतात, कोणी कॉम्बो. तडे गेले तरी चित्र निर्दोष आहे आणि बोट सर्वत्र चालते, तर केवळ वरची काच गेली असे समजावे. चित्र दिसते पण एखाद्या पट्ट्यात बोट लागत नाही, किंवा फोन आपल्याआपणच बटणे दाबू लागतो, तर टच गेला. हिरव्या वा जांभळ्या उभ्या रेघा उमटल्या, अथवा शाई सांडल्यासारखा काळा डाग वाढत चालला, तर खालचा पडदाच जखमी झाला, आणि तो डाग बहुधा वाढतच जातो. मागचे झाकण फुगलेले दिसले किंवा फोन तापू लागला, तर काचेची चिंता बाजूस ठेवून फोन बंद करावा, चार्जिंगला मुळीच लावू नये आणि प्रथम बॅटरी दाखवावी. त्यात दिरंगाई नको.

फोन उचलल्यावर पहिले काम हळहळण्याचे नसून चिकटपट्टीचे आहे. पार्सलला लावतात ती रुंद पारदर्शक पट्टी काचेवर कडेपासून कडेपर्यंत ताणून चिकटवावी, म्हणजे काचेचा चुरा बोटात वा कानाशी जात नाही, तडा हलत नाही आणि दमट हवेचा शिरकावही काही अंशी अडतो. दुसरे काम त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला करावे: छायाचित्रे, संपर्काचे क्रमांक आणि कागदपत्रे संगणकावर अथवा क्लाउडवर उतरवून घ्यावीत, कारण आज चालणारा टच उद्या चालेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. टच पूर्णपणे मेला असून चित्र दिसत असेल, तर बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनांना ओटीजी नावाचा छोटा जोड लावून संगणकाचा साधा माउस जोडता येतो; पडद्यावर बाण दिसू लागतो आणि पासवर्ड टाकण्यापासून छायाचित्रे पाठविण्यापर्यंत सारे व्यवहार त्या माउसने करता येतात. हा जोड बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत अगदी किरकोळ किमतीला मिळतो आणि प्रत्येक घरात एक असावा असे मी आवर्जून सांगेन. बँकेचे ओटीपी सिमकार्डावर येतात, फोनवर नव्हे, म्हणून दुरुस्तीच्या अवधीत सिम काढून घरातील दुसऱ्या फोनमध्ये घालावे. फोनमध्येच ई-सिम असेल तर मात्र ते दुसरीकडे नेण्यास थोडी अधिक तजवीज लागते.

आता नेमके कोठे जावे? कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात अस्सल भाग आणि पक्की पावती मिळते, परंतु तेथे सहसा सबंध फोल्डरच बदलतात, एकट्या काचेची दुरुस्ती करीत नाहीत, आणि त्यामुळे खर्च पुष्कळदा फोनच्या उरलेल्या किमतीशी जाऊन भिडतो. हमीच्या मुदतीत असलेला फोन तेथेच न्यावा, हे उत्तम. मात्र पडून झालेले नुकसान नेहमीच्या हमीत येत नाही, हेही आधी समजून घ्यावे. हमी संपलेली असेल तर पुणेकराचे पाय स्वाभाविकपणे बुधवार पेठेकडे वळतात. पासोड्या विठोबाच्या परिसरातील तपकीर गल्ली आणि आसपासच्या बोळांत विजेच्या सामानाचा, रेडिओचा, टेपरेकॉर्डरचा आणि मग मोबाइलचा असा एकामागून एक बाजार वसत गेला. तेथील चार हात रुंदीच्या गाळ्यांत जी कारागिरी चालते ती उभे राहून पाहण्याजोगी आहे.

एकट्या काचेचे काम असे चालते. कारागीर प्रथम कडेच्या डिंकाला ऊब देऊन पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवीत फोन उघडतो, बॅटरीची जोडणी सर्वांआधी सोडवितो, आणि निरनिराळ्या लांबीचे स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने चुंबकाच्या पाटीवर मांडून ठेवतो, कारण एक लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो खालची पाटी भेदू शकतो. मग सुटा केलेला पडदा तापलेल्या सपाट यंत्रावर ठेवला जातो. यंत्राखालचा पंप हवा शोषून त्याला जागच्या जागी धरून ठेवतो, आणि साधारणतः ८० अंशांच्या आसपास डिंक नरमला की कारागीर केसाहून बारीक अशी धातूची तार दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून काच व पडदा यांच्या मधून करवतीसारखी मागेपुढे ओढीत नेतो. येथे त्याचा श्वासही जपून चाललेला असतो. तार किंचित खाली कलली तर पडदा कापला जातो, वर कलली तर तुटलेल्या काचेत अडकते. जाळीदार फुटलेल्या काचेचे शंभर तुकडे एका पत्र्यासारखे अखंड उचलले जावेत म्हणून त्याने वरून आधीच पट्टी चिकटविलेली असते. काच निघाली की उरलेला डिंक बोटाने गोळे करीत करीत काढावयाचा, द्रावणाने पुसावयाचे, नवा ओसीएचा पापुद्रा एका कडेने टेकवीत आणावयाचा, नवी काच नेमकी जुळवून निर्वात यंत्रात दाबावयाची, आणि अखेरीस दाबाच्या भांड्यात ठेवून राहिलेले बुडबुडे जिरवावयाचे. धुळीचा एक कण आत राहिला तर तो जन्मभर डोळ्यांत खुपेल, म्हणून पंख्याखाली हे काम कोणी जाणता कारागीर करीत नाही. कडा वळलेल्या पडद्यांवर आणि पातळ ओएलईडीवर जोखीम फार वाढते, आणि प्रामाणिक कारागीर ती आधीच बोलून दाखवितो: पडदा वाचला तर एवढे पैसे, मध्येच गेला तर नुकसान कोणाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून घ्यावे. हे काम हातांना वर्षांच्या सरावाने येते, आणि त्याला आपल्या समाजात जो मान मिळावयास हवा तो अद्याप मिळालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडदाच बदलावयाचा ठरला, तर दुकानदार दोनतीन दर सांगतो आणि गिऱ्हाईक गोंधळते. अस्सल म्हणजे कंपनीकडून आलेला. दुसऱ्या बंद पडलेल्या फोनमधून काढलेला, तोही मुळात अस्सलच. आणि तिसरी नक्कल, जिला फर्स्ट कॉपी असे गोंडस नाव असते. ओएलईडीच्या जागी स्वस्त एलसीडी बसविला तर काळा रंग करडा दिसतो, बॅटरी लवकर उतरते, आणि पडद्याच्या आतून अंगठ्याचा ठसा घेणारी सोय बंद पडते, कारण त्या प्रकारच्या ठशाला बहुधा ओएलईडीतून आरपार जाणारा प्रकाश लागतो. अलीकडच्या आयफोनांत परका पडदा बसला तर सेटिंगमध्ये तशी नोंदच दिसते. फोन ताब्यात घेण्यापूर्वी दुकानातच पांढऱ्या आणि काळ्या पार्श्वभूमीवर पडदा पाहावा, एखादे चिन्ह बोटाखाली धरून ते चारी कोपऱ्यांतून फिरवावे, फोन कानाशी नेल्यावर पडदा मालवतो की नाही हे पाहावे, पुढचा कॅमेरा व ध्वनी तपासावा. आणि पावतीवर कोणत्या प्रतीचा भाग घातला व त्याची हमी किती मुदतीची, हे लिहून घ्यावे. एकदा उघडलेला फोन पूर्वीइतका जलरोधक राहील अशी अपेक्षा धरू नये, ही गोष्ट मुठा दुथडी भरून वाहते त्या दिवसांत विसरू नये. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही: वरची काच फुटलेला पण चित्र निर्दोष असलेला जुना पडदा बाजारात मोलाचा असतो, कारण त्यावर नवी काच चढवून तो पुन्हा विकला जातो. म्हणून तो परत मागावा, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करण्याचा आग्रह धरावा. त्यात संकोच करण्याचे कारण नाही.

फोनसोबत आपण आपले खाजगी आयुष्य दुसऱ्याच्या हाती सोपवीत असतो, याची जाणीव ठेवली पाहिजे. पडदा बदलण्यासाठी पासवर्डाची गरज नसते; तपासणीपुरता तो आपण स्वतः समोर उभे राहून टाकावा. फोन ठेवून जावयाचे असेल तर बँकेची व पैशांच्या व्यवहाराची ॲप्स काढून टाकावीत, आणि काही कंपन्यांच्या अलीकडच्या फोनांत दुरुस्तीच्या काळापुरती सारी खाजगी माहिती झाकून ठेवणारी मेंटेनन्स मोडची सोय आहे ती चालू करावी. फोनचा आयएमईआय क्रमांक पावतीवर नोंदवून घेणे हेही दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न पुण्याला परका नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली याच शहरात ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आहे. दुरुस्ती ही सेवा आहे, आणि तीत कसूर झाली, अस्सल म्हणून नक्कल बसविली वा हमी नाकारली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करूनही पुष्कळ मामले मिटतात. मात्र मिळालेली वस्तू सदोष असणे आणि वस्तू मुळातच दुरुस्त होऊ नये अशी बनविलेली असणे, या दोन निराळ्या तक्रारी आहेत, आणि दुसरीला आपल्याकडे अद्याप पुरेसे उत्तर मिळालेले नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, तिच्यापुढील चार क्षेत्रांत मोबाइल फोन होते, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण खरेदीच्या वेळीच ग्राहकाला दिसावेत, अशा निर्देशांकाचाही विचार त्यानंतर पुढे आला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ च्या जानेवारीपासून फोनांवर छापला जाऊ लागला. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांसाठी, विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे पडद्यासारखे भाग पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. असे बंधन येथे आले तर त्याचा पहिला लाभ तपकीर गल्लीतील कारागिराला होईल, कारण आज त्याच्या हुन्नरात उणीव नाही, अस्सल भाग रास्त दरात मिळण्यात आहे. आणि त्याच्या मागोमाग तो लाभ स्वयंपाकाच्या बाईंना आणि पार्सले पोचविणाऱ्या तरुणाला मिळेल. असा कायदा व्हावा म्हणून ग्राहक संघटनांनी नेट धरावा, असे मला तळमळीने वाटते.

पुढच्या वेळची तजवीज मात्र आपल्याच हाती आहे. टेम्पर्ड ग्लास, जिला दुकानात सर्रास टफन म्हणतात, ती आघात स्वतःवर घेऊन फुटते आणि मुख्यतः वाळूचे चरे मूळ काचेपर्यंत पोचू देत नाही. म्हणून तिच्यावर चरे दिसू लागले की फुटण्याची वाट न पाहता ती बदलावी. तिच्यापेक्षाही कडा काचेच्या वर उचललेले रबरी आवरण अधिक उपयोगी, कारण बहुतेक तडे कोपऱ्यापासून सुरू होतात. पडद्याच्या संरक्षणाच्या योजना विकत घेताना स्वतःच्या खिशातून भरावयाची रक्कम किती, वर्षातून किती वेळा दावा मान्य होतो आणि किती दिवसांत कळवावे लागते, या तीन अटी वाचूनच सही करावी.

आणि निघालेली फुटकी काच? ती बाटल्यांच्या काचेत टाकू नये. तिची जात निराळी असते, ती बाटलीच्या काचेहून कितीतरी अधिक तपमानाला वितळते, आणि तिच्या पाठीला डिंक, धातूचा लेप व पापुद्रे चिकटलेले असतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार उत्पादकावर जुन्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. परंतु पुण्यात हे काम प्रत्यक्ष दारोदार जाऊन करणारे हात आहेत ते कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या, १९९३ साली संघटित झालेल्या कचरावेचकांचे, आणि त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या स्वच्छ या सहकारी संस्थेच्या सभासदांचे. निकामी फोन आणि तुटका पडदा घरातील ओल्यासुक्या कचऱ्यात न मिसळता निराळ्या कागदात गुंडाळावा, वर ठळक अक्षरांत काच असे लिहावे, आणि दारी येणाऱ्या त्या ताईंच्या हाती सांगून द्यावा, म्हणजे वर्गीकरण करताना त्यांचा हात कापणार नाही.